कोऱ्या पानावरची सही: मासिक सभेत नव्या सदस्याने कुठून सुरुवात करावी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पहिल्यांदाच निवडून आलात, ग्रामपंचायत नऊ सदस्यांची आहे, सरपंच थेट जनतेतून आलेले आणि समोरच्या पॅनेलचे. आठ महिने झाले. कधी सभा होते, चहा होतो, अर्ध्या तासात सगळे उठतात. कधी सभाच होत नाही, शिपाई रजिस्टरचं कोरं पान घेऊन दारात येतो आणि "वहिनी, सही" म्हणतो. परवा एका ठरावाची नक्कल तुमच्या हाती आली. विषय तुमच्या कानावरही आलेला नव्हता, पण अनुमोदक म्हणून नाव तुमचंच. तुम्ही विचारता की विरोधातल्या एकटीच्या बोलण्याला काही किंमत आहे का, आणि सुरुवात कुठून करायची.

मी बत्तीस वर्षं आधी ग्रामसेवक आणि मग ग्रामविकास अधिकारी म्हणून नोकरी केली. (आता दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलंय, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) म्हणजे तुम्ही टेबलाच्या ज्या बाजूला बसता, त्याच्या समोरच्या बाजूला मी बसायचो. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, माझ्या हातात असायचं. तुम्ही सांगता तसलं कोरं पान मीही ठेवलेलं आहे, त्यामुळे ते का ठेवतात आणि कशाने बंद होतं हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला वाटतंय अडचण बहुमताची आहे. मला तसं वाटत नाही. बहुमत समोरच्यांकडे आहे, पुढची काही वर्षं राहणार आहे, ते धरूनच चाला. तुमची खरी अडचण अशी की सभेत काय झालं हे लिहिलं जाण्याआधी तुमची सही होते. मतदानात तुम्ही हराल, हरकत नाही. पण न झालेल्या मतदानात तुम्ही 'बाजूने' आहात, ही गोष्ट वेगळी आहे. आणि ती बदलायला बहुमत लागत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमच्या गावात हे मुद्दाम चाललंय की आळसाने, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. लेखासंहितेने (म्हणजे हिशेबाच्या नियमांनी) ठरवलेले नोंदवह्यांचे आणि कागदांचे तेहेतीस नमुने, त्यावर ऑनलाइन नोंदी, त्यात तालुक्याच्या बैठका. सभा संपते तेव्हा त्याला पुढच्या गावाची एसटी गाठायची असते. मग तो उपस्थितांच्या सह्या घेतो, चिटोऱ्यावर विषय टिपून घेतो आणि प्रोसिडिंग चार दिवसांनी सवडीने लिहितो. यात चोरी नाही, पण चोरीसाठी दार उघडं राहतं. त्या दारातून कोण आत येतं हे गावागावावर अवलंबून. तुमच्या बाबतीत अनुमोदक म्हणून खोटं नाव आलंय म्हणजे कुणीतरी आलेलं आहे. तरी पहिल्या दिवशी ग्रामसेवकाला चोर ठरवू नका, कारण ज्या माणसाकडून तुम्हाला दप्तर पाहायचं आहे तोच हा माणूस आहे.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगतो. डोंगराकडेचं छोटं गाव होतं. सभेत एक म्हातारी सदस्य होती, अंगठा उमटवणारी. मी नेहमीप्रमाणे सह्या घेत निघालो, तिच्यापुढे पॅड धरलं. ती म्हणाली, "आधी वाच, मग अंगठा." मी म्हटलं, आजी, अजून लिहिलं नाही. "मग लिही. मी बसते." बाकीचे हसले. मला राग आला, पण ती उठेना. तिने पाऊण तास मला बसवून लिहायला लावलं, मग एकेक ठराव वाचून घेतला आणि एका ठिकाणी म्हणाली, "हे कुणी म्हटलं?" ते खरंच कुणी म्हटलं नव्हतं. गावठाणातली एक जागा टपरीसाठी द्यायचा विषय होता, तो मला सभेआधी एकाने 'टाकून द्या' म्हणून सांगितलेला. मी तो खोडला. त्या दिवसापासून माझ्या प्रोसिडिंगच्या शेवटच्या ओळीखाली तिरकी रेघ मारून मगच सभा संपायची. ती बाई त्या सभेत एकटीच होती, आणि तिला वाचताही येत नव्हतं.

तर सुरुवात तिथून करा. पुढच्या सभेत काही भांडायचं नाही, फक्त म्हणायचं: "भाऊसाहेब, आज झालेले विषय इथेच लिहू आणि वाचून दाखवू, मग सही करते." ते म्हणतील वेळ नाही. मग मधला मार्ग सुचवा, मी स्वतः नंतर हाच वापरायचो. अजेंड्यावरचे विषय आधीच प्रोसिडिंगमध्ये क्रमाने लिहून ठेवायचे, प्रत्येकाखाली चार-पाच ओळी सोडायच्या, आणि सभेत निर्णय झाला की तिथेच तो भरायचा. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणाचा, ठराव मंजूर की नामंजूर. पंधरा विषयांची सभा असली तरी याला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. तुमचा विरोध असेल तर 'विरोध आहे' एवढं तोंडी बोलून थांबू नका. नाव आणि एका वाक्यात कारण लिहून घ्या. "श्रीमती अमुक यांचा विरोध, कारण अंदाजपत्रक सभेत ठेवले नाही." एवढं पुरतं. भाषण केलंत तर ते चहाबरोबर विरून जाईल, हे वाक्य मात्र लेखापरीक्षकाच्या टेबलावर जाईल.

आता मागच्या आठ महिन्यांचं काय? गोड बोलून फसवत नाही. ज्या सभांना तुम्ही बसला होता आणि सही केली, त्या सभांना तुमची हजेरी आहे, ती आता मागे घेता येत नाही. जिथे सभा झालीच नाही आणि घरी येऊन सही घेतली, तिथेही कागदावर तुम्ही हजर आहात. 'मी नव्हतेच' म्हणायला जाल तर पहिला प्रश्न येईल की मग सही कशी. म्हणून ताकद तिथे घालवू नका. मात्र ज्या ठरावाला अनुमोदक म्हणून तुमचं नाव घातलंय, त्याबद्दल सरपंचांच्या नावे एक साधं पत्र द्या. ठराव क्रमांक, तारीख, आणि 'या विषयास मी अनुमोदन दिलेले नाही, तशी नोंद घ्यावी.' पत्र आवक नोंदवहीत चढवून घ्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पोच नसलेलं पत्र हे पत्र नव्हे. हे का करायचं? कारण पुढे त्या ठरावातून ग्रामनिधीचं नुकसान निघालं तर जबाबदारी सरपंच-ग्रामसेवकांपाशीच थांबेल असं नाही, सदस्यही त्यात ओढले जाऊ शकतात. अशा वेळी सूचक आणि अनुमोदक यांची नावं सगळ्यात आधी वाचली जातात.

मागच्याच महिन्याच्या सभेबद्दल आक्षेप असेल तर त्याला जागा आधीच ठरलेली आहे. प्रत्येक मासिक सभेचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. बहुतेक ठिकाणी हा विषय 'वाचलं, कायम केलं' असं म्हणून दोन सेकंदांत संपतो. खरं तर सगळ्या सभेतला सगळ्यात मोलाचा विषय हाच. तिथे म्हणा, वाचा. खरोखर मोठ्याने वाचायला लावा. चुकीचं असेल तर कायम करण्याआधी दुरुस्ती सांगा, आणि दुरुस्ती सांगितल्याची नोंद आजच्या प्रोसिडिंगमध्ये घ्यायला लावा. दोन महिने असं झालं की तिसऱ्या महिन्यात न झालेले ठराव आपोआप कमी होतात. लिहिणाऱ्याला माहीत असतं की हे मोठ्याने वाचावं लागणार आहे.

अजेंड्याकडे वळू. साध्या मासिक सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळायला हवी, विशेष सभेची पूर्ण एक दिवस आधी. 'पूर्ण' म्हणजे नोटीस मिळाली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून. नोटीस घेताना सहीखाली तारीख आणि वेळ तुमच्या हाताने घाला. शिपाई म्हणेल फक्त सही द्या. तारीख टाकायला दोन सेकंद लागतात, टाका. निम्मे सदस्य नसतील तर गणपूर्ती नाही आणि सभा तहकूब होते, हे तुम्हाला माहीत असेलच. आपला विषय अजेंड्यावर यावा असं वाटत असेल तर नोटीस निघण्याआधीच, म्हणजे आठ-दहा दिवस अगोदर लेखी द्या. सभेत अचानक उभं राहून विषय काढला तर तो 'ऐनवेळचे विषय' यात जातो, आणि तिथे गेलेल्या विषयाचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

ऐनवेळच्या विषयांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पाइप फुटला, डीपी जळाला, साथ आली, असं काही असेल तर ऐनवेळी घ्यावंच लागतं. पण पैशाचा, जागेचा आणि ना हरकत दाखल्याचा विषय ऐनवेळी आला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. वीटभट्टी, मोबाइल टॉवर, दारूचं दुकान असले विषय सहसा सभेच्या शेवटी, लोक चपला घालत असताना येतात. तेव्हा एकच म्हणायचं: "विषय महत्त्वाचा आहे, पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या." तुमचं ऐकलं नाही तर विरोध याच कारणासाठी नोंदवा. विषय चांगला की वाईट याच्यात शिरूच नका.

आता जमा-खर्च. दर महिन्याला 'मागील महिन्याच्या जमा-खर्चास मंजुरी देणे' हा विषय येतो आणि ग्रामसेवक आकडे भरभर वाचून मोकळा होतो. मीही व्हायचो. आकडे ऐकून काहीही कळत नाही. तुम्ही रोकडवही, म्हणजे नमुना ५, आणि सोबत बँकेची पासबुकं समोर ठेवायला सांगा. पासबुकं अनेक असतात: ग्रामनिधीचं वेगळं, पाणीपुरवठ्याचं वेगळं, वित्त आयोगाचं वेगळं. मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक आणि या महिन्याची सुरुवातीची शिल्लक जुळते का ते पाहा. मग घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली पाहा. नमुना १० च्या पावत्यांवर जेवढे पैसे जमा झाले तेवढे बँकेत भरले का? इथे सगळ्यात जास्त आक्षेप निघतात, कारण वसूल झालेले पैसे बँकेत न भरता हातातल्या हातात खर्च करायची खोड सगळीकडे आहे. बल्ब आणले, डिझेल आणलं, पाहुण्यांचा चहा. खर्च खरा असतो, पण रीत चुकीची असते, आणि एकदा ती लागली की खऱ्या खर्चाआड खोटा खर्च लपायला वेळ लागत नाही.

सगळे खर्च तपासायला जाऊ नका, थकाल. एक वस्तू धरा. माझ्या शेवटच्या गावात एक सदस्य दर सभेला एकच प्रश्न विचारायचे: "टीसीएलच्या किती पिशव्या आल्या आणि किती उरल्या?" पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, तिची पिशवी २५ किलोची असते. आम्ही साधारण हजार लिटरला पाच ग्रॅम असा हिशेब धरायचो. टाकी ५० हजार लिटरची आणि दिवसाला एकदा भरत असेल तर रोजचे २५० ग्रॅम, महिन्याचे साडेसात किलो. म्हणजे एक पिशवी तीन महिने जायला हवी. पावडर उघडी राहिली की तिचा दम जातो, पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की मात्रा वाढवावी लागते, हे सगळं धरलं तरी महिन्याला चार पिशव्यांचं बिल आलं तर विचारणं रास्त आहे. आणि उलटंही: चार महिन्यांत एकही पिशवी आली नाही तर गाव काय पितंय? ते सदस्य कुणावर आरोप करत नव्हते. पण त्यांच्या त्या एका प्रश्नामुळे साठा नोंदवही रोज भरली जायला लागली, पाणी सोडणारा पोरगा वेळेवर पावडर टाकायला लागला, आणि पाण्याच्या तपासणीत आमचं पिवळं कार्ड होतं ते पुढच्या वर्षी हिरवं झालं. तुमच्या गावात टीसीएलऐवजी पथदिव्यांचे बल्ब असतील, मोटार दुरुस्ती असेल, टँकर असेल. जे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येतं ते धरा.

वित्त आयोगाच्या पैशांबद्दल सदस्यांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडं. पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाचा निधी २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित असा येत गेला. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं, आणि पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन जातात. तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, त्यासाठी ग्रामसेवकाची परवानगी लागत नाही. सभेला जाण्याआधी ते मोबाइलवर पाहून जा. सभेत "कामाला किती खर्च झाला?" असं विचारणं आणि "अमुक कामाचं बिल गेलेलं दिसतंय, त्याची एमबी (मोजमाप पुस्तक) आणि पूर्णत्वाचा दाखला दाखवा" असं विचारणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, "नियमाप्रमाणे." दुसऱ्याला कपाट उघडावं लागतं.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे मार्च उजाडला की घाईघाईने कशावर तरी उडवले जातात. तुम्ही दिवाळीच्या आसपासच हा विषय अजेंड्यावर मागा. विरोधातल्या सदस्याला सभागृहात सहमतीने काही मिळवायचं असेल तर यासारखी दुसरी जागा नाही. दिव्यांगांच्या पैशांना उघड विरोध करायला कुणी धजावत नाही.

नमुना ८ वर नाव लावण्याचे अर्ज, वारसनोंदी, भावाभावांतल्या वाटण्या, हे विषय छोटे वाटतात आणि सगळ्यात जास्त वैर यातूनच होतं. इथे फक्त एवढं लक्षात ठेवा की नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे, तो मालकीचा पुरावा नाही. ज्या अर्जात दुसऱ्या बाजूचा आक्षेप असेल तिथे सभेने न्यायाधीश होऊ नये. दोन्ही बाजूंना नोटीस दिली का, कागद काय जोडलेत, एवढं पाहा. वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवा आणि नोंद जैसे थे ठेवा. तुमच्या पॅनेलच्या माणसाचा अर्ज असला तरी हेच. किंबहुना तेव्हाच जास्त.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुम्ही प्रश्न विचारायला लागलात की समोरचे तुमचे कागद काढतील. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम १४ एकदा शांतपणे वाचून घ्या. तुमच्या घरची घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली आहे का? बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. घराचा ओटा, जनावरांचा गोठा सरकारी जागेत तर नाही ना? अतिक्रमणाचं प्रकरणही जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. आणि पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा. तुमच्या मालकांचा ट्रॅक्टर आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. पंचायतीच्या कुठल्याही कामावर तो जाऊ देऊ नका, एका खेपेसाठीसुद्धा नाही, आणि सरपंचांनी आपणहून बोलावलं तर मुळीच नाही. सलग सहा महिने परवानगीशिवाय सभेला गैरहजर राहिलं तरी पद जातं, म्हणून 'बहिष्कार' नावाचं शस्त्र कधी वापरू नका. रागाने उठून गेलेल्या माणसाच्या मागे काय लिहिलं जातं ते मी सांगायला नको.

हे सगळं करूनही ऐकलंच नाही तर? मग चढत्या पायऱ्या आहेत, पण घाई करू नका. दोन सभा तोंडी, तिसऱ्या वेळी लेखी. सदस्य म्हणून दप्तर पाहायला मागा. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागताना 'गेल्या पाच वर्षांची सर्व माहिती' असं मागू नका. ते आम्हाला आवडायचं, कारण त्याला टाळायला शंभर कारणं असतात. दोन महिन्यांच्या प्रोसिडिंगची नक्कल आणि त्याच दोन महिन्यांची रोकडवही, एवढंच मागा. त्यानंतर पंचायत समितीतले विस्तार अधिकारी (पंचायत) आणि गटविकास अधिकारी. त्यांच्याकडे जाताना 'भ्रष्टाचार चालू आहे' असं लिहून जाऊ नका. तारीख, ठराव क्रमांक, आणि तुमच्या आवक शिक्क्याच्या पत्राची प्रत घेऊन जा. माझ्या टेबलावर आलेल्या चौकशांपैकी ज्यांत तारखा होत्या त्यांनाच मी घाबरायचो.

सभाच होत नसतील तर मात्र प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. नियमाप्रमाणे सभा बोलावणं ही सरपंचांची जबाबदारी आहे. पुरेशा कारणाशिवाय ती पाळली नाही तर कलम ३६ प्रमाणे ते पदावर राहायला अपात्र ठरू शकतात, आणि कारण पुरेसं होतं की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. इथे तुमच्या घरी घेतलेल्या सह्याच आड येतात, हे लक्षात आलं ना? कागदावर सभा झालेली आहे आणि तुम्ही हजर आहात. तुमच्याच सहीने सरपंचांचा बचाव उभा राहतो.

ग्रामसभेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एक ओळ. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, आणि आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षीचा जमा-खर्च आणि लेखापरीक्षणाचा अहवाल ठेवावा लागतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक गावांत कागदावरच होते. ती खरी भरवणं तुमच्या हातात आहे. मासिक सभेत तुम्ही एकट्या असाल, महिला सभेत नसाल.

घरचे म्हणतात "कशाला वाकडेपणा घेतेस, ह्यांनाच सभेला जाऊ दे" असंही तुम्ही लिहिलंय. मालकांना तुमच्या जागी सभेत बसण्याचा किंवा बोलण्याचा कोणताही हक्क नाही. ते तुमच्या जागी बसले तर ती सभा तुमच्यासाठी झालीच नाही, आणि सही मात्र तुमचीच लागेल. त्यांना दुसरं काम द्या: सभेच्या आदल्या संध्याकाळी अजेंडा घेऊन दोघं बसा आणि प्रत्येक विषयापुढे काय विचारायचं ते पेन्सिलीने लिहा. माझ्या एका गावात असं जोडपं होतं, आणि त्या बाईंच्या अजेंड्याची मला धास्ती असायची.

शेवटचा तुमचा प्रश्न होता की शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला तर काय म्हणायचं. त्याच्यावर रागावू नका, त्याचा पगार सरपंचांच्या सहीने निघतो. त्याला पाणी द्या आणि सांगा, "ऑफिसात येऊन वाचते आणि मगच करते." रजिस्टर घरात ठेवून घेऊ नका, पानाचा फोटो काढायला जाऊ नका. मग डायरीत तारीख, वेळ आणि 'शिपाई सहीसाठी आला, केली नाही' एवढं लिहा. तो ते वाक्य जसंच्या तसं सरपंचांना सांगेल. दुसऱ्या दिवशी खरंच ऑफिसात जा आणि रजिस्टर मागा.